मुलाला जर्मनीत शिकायला सोडायला जाताना, कुटुंबासोबत आधी पॅरिस बघून घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलाला आखेनला मास्टर्ससाठी प्रवेश मिळालाय, ऑक्टोबरात सेमिस्टर सुरू होतंय. तुम्ही दोघं, शाळेत असलेली धाकटी मुलगी आणि गुडघ्यांनी त्रस्त असलेल्या तुमच्या आई, असे सगळे त्याला सोडायला निघालाय. सप्टेंबरात आधी पाच-सहा दिवस पॅरिस करायचं आणि मग आखेन गाठायचं, असा बेत आहे. आम्ही ठाण्याच्या नौपाड्यातले. आमच्या लेकीलाही असंच आखेनला पोचवलं, सासूबाई सोबत होत्या. म्हणून लिहिते.

पॅरिस जरूर करा. फक्त क्रम उलटा करा. आधी आखेन, मग पॅरिस.

पहिलं कारण सामान. शिकायला निघालेल्या पोराच्या दोन मोठ्या बॅगा असतात. त्यात गोडा मसाला, छोटा कुकर, थर्मल, आणि निघायच्या आदल्या रात्री आजीने हळूच सरकवलेलं मेतकूट. ते सगळं घेऊन पॅरिसच्या मेट्रोत उतरून बघा म्हणजे कळेल. ही मेट्रो १९०० साली सुरू झाली, आणि जुन्या स्टेशनांवर जिने आहेत, लिफ्ट बहुतेक ठिकाणी नाहीच. पायऱ्यांशिवाय सगळीकडे जाता येईल अशी पूर्ण लाइन एकच, १४ नंबरची. टॅक्सी करू म्हणाल, तर पाच माणसं आणि इतक्या बॅगा एका गाडीत मावत नाहीत. त्या बॅगा त्याच्या खोलीत टाका आणि पॅरिसला पाठीवरच्या सॅकवर जा.

दुसरं कारण कागद. जर्मनीत राहत्या पत्त्याची नोंद करावी लागते, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते आणि त्यासाठी घरमालकाचं किंवा हॉस्टेलचं लेखी पत्र लागतं. वेळ ऑनलाइन घ्यावी लागते, आणि सेमिस्टरच्या तोंडावर त्या वेळा भराभर संपतात. बँक, पुढे राहण्याचा परवाना या सगळ्याचं घोडं त्या नोंदणीवर अडतं. हे डोक्यावर असताना पोरगा लूव्हर संग्रहालयात मोनालिसासमोर उभा राहून मेलच बघत राहील. आमच्या ओळखीतल्या एका घरात अगदी हेच झालं. सगळी सहल हॉस्टेलच्या उत्तराची वाट बघण्यात गेली, आणि शेवटच्या दिवशी आयफेलखाली बाप-लेकाचं भांडण झालं ते वेगळंच.

आता यात एक पेच आहे, तो आधी सोडवा. खोलीचा करार कधीपासून आहे? विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलचे करार बहुतेक महिन्याच्या १ तारखेपासून असतात. १ सप्टेंबरपासून असेल तर प्रश्नच नाही. १ ऑक्टोबरपासूनच असेल, तर सप्टेंबरअखेरीस आखेनला पोचा, एक-दोन रात्री सगळे हॉटेलात काढा, १ तारखेला किल्ली घ्या, बॅगा टाका आणि पॅरिसला निघा. हिवाळी सेमिस्टर कागदावर १ ऑक्टोबरला सुरू होतं, पण वर्ग साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर भरतात. मधल्या काळात नव्या मुलांसाठी ओळखीचे कार्यक्रम असतात. त्यांच्या तारखा विभागाच्या मेलमधून नीट काढून घ्या आणि ते कार्यक्रम बुडवू नका. पहिले मित्र तिथेच मिळतात.

व्हिसाचं गणित या क्रमावर थेट अवलंबून आहे, म्हणून ते आत्ताच सांगते. मुलाचा व्हिसा जर्मनीचा, दीर्घ मुदतीचा, डी प्रकारचा. त्यावर त्याला शेंगेनमधल्या (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या) इतर देशांत १८० दिवसांतले ९० दिवस फिरता येतं, म्हणजे पॅरिससाठी त्याला वेगळं काही लागत नाही. तुम्हा चौघांना छोट्या मुदतीचा शेंगेन व्हिसा लागेल. तो ज्या देशात जास्त रात्री काढणार त्या देशाकडे मागायचा, दोन्हीकडे सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. पॅरिसच्या रात्री जास्त असतील तर विमान फ्रँकफर्टला उतरत असलं तरी अर्ज फ्रान्सकडे जाईल. एजंट सोयीसाठी काहीही सुचवतात, पण हॉटेलची बुकिंग आणि अर्जातला देश जुळला पाहिजे. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५. प्रवास विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं हवं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उन्हाळ्यात मुंबईत अपॉइंटमेंटची मारामारी असते, तेव्हा मे-जूनमध्येच हात घाला.

उतरल्यावर अजून एक गोष्ट. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर नवी नोंदणी पद्धत आली आहे. तुमचे फोटो आणि बोटांचे ठसे घेतील (१२ वर्षांखालच्यांचे ठसे घेत नाहीत). मुलाचा व्हिसा दीर्घ मुदतीचा असल्यामुळे तो त्यातून वगळलेला आहे, त्याला कदाचित दुसऱ्या रांगेत पाठवतील. तिथे "हा कुठे गेला" म्हणून घाबरून जाऊ नका. आणि आईंसाठी व्हीलचेअर तिकिटातच मागून ठेवा. विमानतळावरची चाल त्यांना जमते की नाही, हा मुद्दाच नाही. त्या रांगेत उभं राहणं जमत नाही.

विमानाचं तिकीट जाताना मुंबई-फ्रँकफर्ट आणि येताना पॅरिस-मुंबई असं एकत्र काढा. मुलाचं अर्थातच एकेरी. फ्रँकफर्ट विमानतळाच्या खालूनच गाड्या सुटतात, आणि ब्रसेल्सकडे जाणारी आयसीई ही वेगवान गाडी थेट आखेनला थांबते.

आखेनमध्ये बघायला काय, असं धाकटी विचारेलच. तिथलं कॅथीड्रल युनेस्कोच्या १९७८ च्या अगदी पहिल्या यादीतलं आहे, शार्लमेन राजा तिथे पुरलाय. अर्धा दिवस पुरे. बाकी वेळ उशा, बादली, एक्स्टेंशन बोर्ड आणि जर्मन कचऱ्याचे वेगवेगळे डबे समजून घेण्यात जातो.

आखेनहून पॅरिसला थेट युरोस्टार आहे, पावणेतीन तासांच्या आसपास. या पूर्वी थालिस नावाने धावणाऱ्या लाल गाड्या. दिवसातून मोजक्याच असतात, सीट आरक्षित करावीच लागते आणि भाडं विमानासारखं चढतं, म्हणून तारखा ठरल्या की लगेच काढा. गाडीत पासपोर्ट हाताशी ठेवा. सीमा दिसत नसली तरी अधूनमधून तपासणी होते. गाडी गार द्यू नॉर या स्टेशनात पोचते.

आता पॅरिस. माझं प्रामाणिक मत आहे की पॅरिस मुलालाच चालवू द्या. तिकिटं, रस्ता, बस, जेवण, सगळं. तुम्ही फक्त पैसे द्या आणि गप्प बसा. जे त्याला पुढची दोन वर्षं एकट्याने करायचंय, ते अनोळखी भाषेच्या गर्दीच्या शहरात तुमच्यादेखत करायची ही एकमेव संधी आहे. गप्प बसणं अवघड आहे, हे मला माहीत आहे. शातले नावाचं एक स्टेशन आहे, पाच मेट्रो लाइनी आणि तीन आरईआर (उपनगरांत जाणाऱ्या जलद रेल्वेच्या) लाइनी तिथे एकत्र येतात, आणि जमिनीखाली नुसते बोगदेच बोगदे. तिथे आमची लेक नकाशासमोर उभी होती आणि नवरा शेजारी चुळबुळत होता. त्याचा हात दोनदा बाणाच्या पाटीकडे गेला. सासूबाईंनी त्याची बाही धरून ठेवली. पोरीने शेवटी एका बाईंना विचारलं, आधी "बोंजूर" म्हणून, मग इंग्रजीत. त्या बाई आम्हाला थेट फलाटापर्यंत सोडून आल्या. ते "बोंजूर" तुम्हीही पाठ करा. दुकानात, बसमध्ये, कुठेही आधी ते म्हटलं नाही तर समोरचा माणूस आखडतो. फ्रेंच लोक तुसडे असतात ही तक्रार अर्धी तिथूनच येते.

तिकिटांचं: २०२५ पासून मेट्रो-आरईआरचं तिकीट वेगळं आणि बस-ट्रॅमचं वेगळं झालंय, अनुक्रमे अडीच आणि दोन युरोच्या आसपास. ती नाविगो ईझी नावाच्या कार्डात भरायची. कार्ड प्रत्येकाला स्वतंत्र लागतं. एकाच कार्डावर चौघांना गेटमधून आत सोडायची युक्ती चालत नाही आणि तपासनीस दंड जागेवर घेतात. आठवड्याचा पास सोमवार ते रविवार असाच चालतो, तुम्ही गुरुवारी पोचलात तर तो परवडत नाही. आईंसाठी मेट्रो शक्यतो टाळून बस धरा. ६९ नंबरची बस आयफेलजवळून निघून लूव्हरवरून पूर्वेकडे जाते, खिडकीशी बसलं की निम्मं पॅरिस तसंच होतं. मेट्रोत बसायचंच तर ६ नंबर, ती बराचसा रस्ता पुलावरून जाते आणि पासी ते बीर-हाकेम या टप्प्यात नदी ओलांडताना आयफेल एकदम समोर येतो.

राहायला आम्ही याच ६ नंबरच्या लाइनीजवळ, १५ व्या भागात होतो. खोलीत छोटं स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट-हॉटेल घ्या, हे मी ठासून सांगेन. आईंना रात्री वरणभात मिळाला की दुसऱ्या दिवशीचं चालणं होतं. बुक करताना लिफ्ट आहे का एवढंच विचारू नका, केवढी आहे ते विचारा. आमची देवघराएवढी होती, सासूबाई एका खेपेत आणि त्यांची पर्स दुसऱ्या खेपेत.

काय बघायचं, याच्या याद्या नेटवर ढिगाने आहेत, मी फक्त निवड सांगते. दिवसाला तिकिटाची एकच गोष्ट, सकाळी. दुपारी खोलीवर किंवा बागेत पाय पसरून. संध्याकाळी नदीकाठ.

लूव्हर मंगळवारी बंद असतं. वर्सायचा राजवाडा आणि ऑर्से संग्रहालय सोमवारी. कुटुंबांचा एक अख्खा दिवस याच्यावर वाया जातो. जानेवारी २०२६ पासून लूव्हरला युरोपबाहेरच्या प्रौढांना ३२ युरो पडतात. १८ वर्षांखालच्यांना कुठूनही आलेले असोत, फुकट, म्हणजे धाकटी सुटली. आणि इथे आधी आखेन केल्याचा एक फायदा बघा. युरोपात राहणाऱ्या २६ वर्षांखालच्या मुलांनाही तिथे फुकट प्रवेश आहे. मुलाने डी व्हिसा आणि पत्त्याच्या नोंदणीचा कागद जवळ ठेवावा. शेवटी दारावरचा माणूस काय म्हणतो ते खरं, पण आमच्या लेकीला सोडलं. तिकिटाचे पैसे वाचल्याचा तिला इतका आनंद झाला की ते पैसे तिने तिथल्याच दुकानात उडवले.

आईंसाठी मात्र लूव्हरपेक्षा ऑर्से. मुळात ते १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं रेल्वे स्टेशन, १९८६ पासून संग्रहालय. आवाक्यातलं आहे, लिफ्ट आहेत, आणि मोने, रन्वार, व्हॅन गॉग सगळे वरच्या मजल्यांवर भेटतात. तिथलं मोठं घड्याळ आतून बघता येतं, काचेपलीकडे नदी. लूव्हरला गेलातच तर तिथे व्हीलचेअर फुकट मिळते, ओळखपत्र ठेवून. मोनालिसाच्या दालनातली गर्दी सुटेपर्यंत थांबू नका, ती सुटत नाही. शेजारच्या लांबलचक दालनात लिओनार्दोचीच इतर चित्रं आहेत, तिथे निवांत उभं राहता येतं.

आयफेलचं लिफ्टचं तिकीट अधिकृत साइटवर ६० दिवस आधी उघडतं. शेंड्याची लगेच संपतात, पण दुसऱ्या मजल्यावरूनच शहर जास्त स्पष्ट दिसतं, शेंड्यावरून सगळं फारच बारीक होतं. अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं तो चमचमतो. सप्टेंबरात सूर्य आठच्या सुमाराला मावळतो, तेव्हा जेवून, खालच्या हिरवळीवर शाल पसरून बसा.

नोत्र दाम २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं, प्रवेश फुकट आहे. वेळ आधी ऑनलाइन घेता येते, तीही फुकट. कोणी पैसे मागितले तर तो ठग. जवळच सेंट शापेल हे तेराव्या शतकातलं चॅपल आहे, रंगीत काचांचं, अप्रतिम, पण वर जायला अरुंद गोल जिना आहे. आईंसाठी दुसरी काही सोय आहे का, ते आधी तिथे विचारून घ्या. पोंपिदू सेंटर हे आधुनिक कलेचं संग्रहालय सध्या दुरुस्तीसाठी बंद आहे. वर्साय यावेळी सोडून द्या, ते मुलगा नंतर मित्रांबरोबर करेल.

पाकीटमारांबद्दल. ठाण्याच्या गर्दीत वाढलेला माणूस बॅग आपोआप पुढे घेतो, ती सवय तिथे सोडू नका. आपल्याकडे धक्का देऊन मारतात, तिथे गोड बोलून. सही मागणाऱ्या, हातात कागद घेतलेल्या मुली. साक्रे-कअर चर्चच्या पायथ्याशी मनगटाला दोरा बांधणारे. "ही तुमची अंगठी पडली का" विचारणारे. कुणाशीही बोलायचं नाही, हात खिशात, चालत राहायचं. मंगळसूत्र आणि सोन्याच्या बांगड्या घरी लॉकरमध्ये ठेवून जा, आईंनाही समजवा.

शौचालयाची काळजी ज्येष्ठांबरोबर सगळ्यात मोठी, आणि यावर कोणी लिहीत नाही. पॅरिसच्या फुटपाथवर करड्या रंगाच्या फुकट खोल्या आहेत, चारशेहून जास्त. एक माणूस बाहेर आला की दार धरून दुसऱ्याने आत शिरायचं नाही. दार बंद होऊ द्यायचं. आतली जागा आपोआप पाण्याने धुतली जाते, मग हिरवा दिवा लागला की बटण दाबायचं. मध्येच शिरणाऱ्यावरही पाणी पडू शकतं. सासूबाईंनी पहिल्या वेळी बाहेर उभं राहून ते धुण्याचे आवाज लक्ष देऊन ऐकले आणि म्हणाल्या, "हे बरंय, सोवळं पाळतात." त्यानंतर दिसेल तिथे त्या थांबत.

खाण्याचं. जेवणाच्या वेळा कडक आहेत. दुपारी बारा ते दोन आणि रात्री सातनंतर, मधल्या वेळात बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद असतं. पाणी विकत घेऊ नका, "कराफ दो" म्हटलं की नळाचं पाणी फुकट आणून देतात. शाकाहारी असाल तर किश या खाऱ्या पायमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात, "लार्दों आहेत का" असं विचारा. क्रेप (पातळ धिरडी) आणि मारे भागातलं फलाफल सुरक्षित, पण ती ज्यूंची गल्ली आहे, शनिवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात. आणि गार द्यू नॉरच्या मागे ला शापेल भाग आहे. तिथे श्रीलंकेच्या तमिळ लोकांची वस्ती. डोसा, कढीपत्ता, नारळ, तोंडली, सगळं मिळतं. तिथेच पाजोल रस्त्यावर गणपतीचं देऊळ आहे. दरवर्षी गणेश चतुर्थीच्या सुमाराला, ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला, रथ निघतो आणि भर रस्त्यात नारळांचे ढीग फोडतात. आम्ही घरचा गणपती बोळवून निघालो, त्यामुळे रथ काही मिळाला नाही, पण देवळात जाऊन आलो. तुमच्या तारखा जुळत असतील तर बघाच. लेकीला त्या भागातलं एक किराणा दुकान इतकं आवडलं की आखेनला परत जाताना ती तिथून इडलीचं पीठ घेऊन गेली.

शेवटचा दिवस मात्र असा आखा. मुलाची आखेनची गाडी गार द्यू नॉरहून सुटते आणि विमानतळाला जाणारी आरईआर बी त्याच स्टेशनच्या तळातून. म्हणजे तुम्ही त्याला हॉस्टेलच्या दारात सोडून रडत निघायचं नाही, तो तुम्हाला सोडून त्याच्या घरी जायला निघतो. त्याच्या खिशात किल्ली असते, कपाटात तांदूळ असतो. आमच्याकडे याचा फार फरक पडला, विशेषतः नवऱ्याला. मुलाची गाडी तुमच्या विमानाच्या किमान सहा तास आधीची काढा, घाई नको. विमानतळाचं आरईआर तिकीट वेगळं असतं, १३-१४ युरोचं, साध्या तिकिटावर बसू नका. संप आहे का ते आदल्या रात्री बघा. संप असला तर टॅक्सीचे दर ठरलेले आहेत, नदीच्या उत्तरेकडून ५६ युरो आणि दक्षिणेकडून ६५. रांगेतलीच टॅक्सी घ्या, आत येऊन "टॅक्सी, टॅक्सी" म्हणणाऱ्यांच्या मागे जाऊ नका.

खोलीचा करार १ सप्टेंबरचा आहे की १ ऑक्टोबरचा, तेवढं खाली लिहा. त्यावरून व्हिसाचा अर्ज कुठल्या देशाकडे करायचा आणि रात्री कशा वाटायच्या ते सांगते.